एआरटी सुरू असलेल्या स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी: कधी, कुठे आणि कशी करून घ्यावी

एआरटी सेंटरमध्ये, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे जिथे मिळतात तिथे, आपले वजन होते, उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात, सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशी) आणि व्हायरल लोड (रक्तातले एचआयव्हीचे प्रमाण) यांसाठी रक्त घेतले जाते आणि खोकला, ताप आहे का हेही विचारले जाते. गर्भाशयमुखाची, म्हणजे पिशवीच्या तोंडाची, तपासणी मात्र अनेकदा राहून जाते. ती स्त्रीरोग विभागात होते, त्यासाठी वेगळा केसपेपर काढावा लागतो आणि गोळ्या घेऊन परतीची एसटी गाठायची घाई असते. मी स्वतः एआरटी घेते, ही तपासणी नियमाने करून घेते आणि आता नव्याने नाव नोंदवलेल्या बायकांसोबत त्या ओपीडीपर्यंत जाते. तिथे पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि वाटेत येणाऱ्या अडचणी इथे क्रमाने लिहिल्या आहेत. तपासणीचे नाव आपण स्वतः काढल्याशिवाय ती बहुधा होत नाही, हे धरूनच पुढचे वाचावे.

१. आपल्याला धोका जास्त का, हे आधी समजून घ्या

हा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या काही प्रकारांमुळे होतो. त्यातले १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये कारण ठरतात. एचपीव्ही लैंगिक संबंधांतून पसरतो आणि तो इतका सर्वत्र आढळतो की संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याची लागण होतेच. म्हणून एचपीव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर त्यावरून कोणाच्याही चारित्र्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. घरात कोणी तसा अर्थ काढू लागले, तर हे त्यांना स्पष्ट सांगावे.

प्रतिकारशक्ती चांगली असेल तर बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू एकदोन वर्षांत निघून जातो. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेली असेल, तर तो टिकून राहण्याची शक्यता वाढते आणि पिशवीच्या तोंडावरच्या पेशींमध्ये हळूहळू बदल होऊ लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना हा कर्करोग होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहा पट असतो. निरोगी प्रतिकारशक्ती असलेल्या स्त्रीमध्ये पेशींतील बदलांपासून कर्करोगापर्यंत साधारण १५ ते २० वर्षे जातात. प्रतिकारशक्ती खालावलेली असेल, विशेषतः एचआयव्हीवर उपचार सुरू नसतील, तर हाच प्रवास ५ ते १० वर्षांत होऊ शकतो. तरीही ५ वर्षे हा मोठा काळ आहे, आणि या काळात बदल सापडले तर ते कर्करोग होण्याआधीच काढून टाकता येतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. व्हायरल लोड दबलेला आहे, गोळ्या एकदाही चुकत नाहीत, म्हणजे ही तपासणी नको, असे अनेक जणी धरून चालतात. नियमित एआरटीने धोका कमी होतो हे खरे आहे, पण एआरटीच्या गोळ्या एचपीव्हीवर काम करत नाहीत आणि आधीच झालेले बदल आपोआप पुसले जातील याची खात्री देत नाहीत.

दुसरा गैरसमज विधवा स्त्रियांमध्ये फार आढळतो. नवरा जाऊन पुष्कळ वर्षे झाली, आता कसले संबंध, मग ही तपासणी कशाला, असे त्या म्हणतात. हा विषाणू शरीरात वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो, त्यामुळे जुन्या काळात झालेल्या लागणीचा परिणाम आज दिसू शकतो. तपासणी त्यांच्यासाठीही तितकीच आवश्यक आहे. अविवाहित स्त्रियांनी, संबंध आलेले असतील तर, लग्न झाले नाही म्हणून मागे राहू नये.

२. वय आणि अंतर: सर्वसाधारण नियम तुम्हाला लागू नाही

आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात सर्वसाधारण स्त्रियांची तपासणी ३० ते ६५ या वयात, दर पाच वर्षांनी करायची असे ठरलेले आहे. गावातल्या आशाताई किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टर हाच नियम सांगतात. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली वेगळी शिफारस केली: तपासणी वयाच्या २५ व्या वर्षापासून सुरू करावी, एचपीव्हीची चाचणी उपलब्ध असेल तर ती दर ३ ते ५ वर्षांनी करावी आणि ती नसेल तर व्हीआयए किंवा पॅप स्मिअर (या चाचण्या कशा होतात ते भाग ३ मध्ये आहे) दर ३ वर्षांनी करावी. तुमच्या एआरटी डॉक्टरांनी याहून कमी अंतराने, म्हणजे दरवर्षी, तपासणी सांगितली असेल तर ते ऐकावे. सव्वीस वर्षांच्या मुलीला "अजून तीस पूर्ण नाहीत, नंतर या" असे सांगून परत पाठवले जाऊ शकते. अशा वेळी एआरटी डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घेऊन पुन्हा जावे.

संबंधांनंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, ओटीपोटात किंवा कंबरेत सतत दुखणे यांपैकी काहीही असेल, तर तारखेची वाट पाहू नये. दुखणे अंगावर काढू नये, त्याच आठवड्यात स्त्रीरोग ओपीडीत जावे आणि लक्षण नेमके सांगावे, कारण अशा वेळी नेहमीची तपासणी पुरत नाही, रोगनिदानासाठी पुढच्या तपासण्या लागतात.

३. कुठे जावे आणि काय विचारावे

सुरुवात आपल्या एआरटी सेंटरमधल्या काउन्सेलरपासून करावी. "मला पिशवीच्या तोंडाची कॅन्सरची तपासणी करायची आहे, चिठ्ठी द्या" इतके सरळ वाक्य पुरते. त्या चिठ्ठीवर जिल्हा रुग्णालयात, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोग विभागात तपासणी होते. व्हीआयए ही साधी तपासणी अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांवरही होते, मात्र ती कोणत्या दिवशी होते हे आधी विचारून जावे. शक्य असेल तर गोळ्या घेण्याच्या तारखेलाच स्त्रीरोग ओपीडीचा वार जुळवून घ्यावा, म्हणजे एका दिवसाची मजुरी वाचते.

आपल्याकडे कोणती चाचणी मिळते हे विचारण्यात संकोच करू नये. चाचण्या मुख्यतः तीन आहेत. व्हीआयएमध्ये पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा डाग उठतो का ते डोळ्यांनी पाहतात आणि निकाल तिथेच कळतो. पॅप स्मिअरमध्ये छोट्या ब्रशने पेशी घेऊन काचेवर पसरतात आणि लॅबमध्ये पाठवतात. एचपीव्ही चाचणीत विषाणूच शोधला जातो, आणि तिच्यासाठीचा नमुना काही ठिकाणी स्त्रीला स्वतःच्या हाताने घेता येतो.

एचपीव्ही चाचणीचे महत्त्व आपल्याच मातीत सिद्ध झाले आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे १,३१,००० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले, आणि एचपीव्हीची चाचणी एकदाच करूनसुद्धा या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे त्यात दिसले. पण एचपीव्ही चाचणी मिळत नाही म्हणून व्हीआयए टाळू नये. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटलने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून, डॉक्टर नसलेल्या स्त्रियांकडून, दर दोन वर्षांनी व्हीआयए करून घेतली आणि मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले. जी चाचणी आज, आपल्या गावाजवळ होते ती करून घ्यावी.

सोनोग्राफी झाली म्हणजे ही तपासणी झाली, असे मात्र समजू नये. सोनोग्राफीत पिशवीतली गाठ किंवा अंडाशयातला फुगा दिसतो, तोंडावरच्या पेशींमधले सुरुवातीचे बदल दिसत नाहीत. रक्ताच्या कोणत्याही नेहमीच्या तपासणीतही ते कळत नाहीत.

४. सोबत काय न्यावे

- एआरटीचे हिरवे पुस्तक किंवा कार्ड, आणि चालू गोळ्यांची नावे
- सीडी फोर आणि व्हायरल लोडचे शेवटचे रिपोर्ट
- एआरटी सेंटरची चिठ्ठी
- आधार कार्ड आणि रेशन कार्ड, दोन्हींच्या झेरॉक्स
- आधी कधी ही तपासणी, बायोप्सी किंवा पिशवीचे ऑपरेशन झाले असेल तर त्याचे कागद
- शेवटच्या पाळीची तारीख लिहिलेली चिठ्ठी
- सॅनिटरी पॅड, कारण नंतर थोडे डाग पडू शकतात

रेशन कार्ड पहिल्या तपासणीसाठी लागत नाही. पुढे उपचारांची गरज पडली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी तेच आधी मागतात, म्हणून त्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळते का ते आत्ताच पाहून ठेवावे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांचे काम इथेच अडते.

५. आधीचे दोन दिवस

पाळी चालू असताना ही तपासणी करू नये. पाळी सुरू झालेल्या दिवसापासून साधारण दहाव्या ते विसाव्या दिवसातला काळ सोयीचा असतो. आधीचे ४८ तास संबंध टाळावेत, योनीमार्गात कोणतीही गोळी किंवा मलम घालू नये आणि आतून धुऊ नये. आपली तपासणी आहे म्हणून अनेक जणी सकाळी साबणाने आतपर्यंत धुऊन येतात, पण त्याने पेशी आणि स्राव निघून जातात आणि रिपोर्ट नीट येत नाही. बाहेरून नेहमीसारखी आंघोळ पुरेशी आहे. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल तर आधीच सांगावे. एआरटीची त्या दिवशीची गोळी नेहमीच्या वेळी घ्यावी. उपाशी राहण्याची गरज नाही.

६. टेबलावर काय होते

याच टप्प्याच्या भीतीने बायका दारातून परत जातात, म्हणून ते सविस्तर सांगते. आत जाण्याआधी लघवीला जाऊन यावे. साडी असेल तर ती वर घेता येते, सलवार असेल तर ती काढावी लागते, म्हणून वरचा कुर्ता लांब असलेला बरा. टेबलाच्या कडेपर्यंत खाली सरकून पाय दोन्ही बाजूंच्या आधारांवर ठेवायचे असतात. डॉक्टर किंवा सिस्टर स्पेक्युलम नावाचे साधन आत घालून योनीमार्ग उघडा धरतात. ते गार लागते आणि थोडा ताण जाणवतो. त्या क्षणी पोट आणि मांड्या आवळून धरल्या तर दुखते. तोंडाने हळू श्वास सोडत राहिले आणि कंबर टेबलाला टेकवून ठेवली, तर ते सहज जाते.

व्हीआयए असेल तर ॲसिटिक ॲसिडचा बोळा लावून निदान एक मिनिट थांबतात. थोडी आग झाल्यासारखे वाटते, कारण ते व्हिनेगरसारखेच पातळ आम्ल असते. मग दिव्याच्या प्रकाशात पाहतात. पॅप किंवा एचपीव्हीसाठी ब्रश फिरवताना क्षणभर टोचल्यासारखे होते. सगळे मिळून पाचेक मिनिटांत संपते. पडदा ओढायला सांगणे, स्त्री डॉक्टर आहेत का विचारणे, सोबत एका बाईला उभे राहू देण्याची विनंती करणे आणि दुखले तर "थांबा" म्हणणे, हे सर्व तुमच्या अधिकारात आहे.

पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये, पाहायचा भाग आत सरकल्याने, व्हीआयए अपुरी ठरू शकते. तसे सांगितले गेले तर दुसरी चाचणी मागावी. खूप पांढरे जात असेल तर आधी औषध देऊन नंतर बोलावतात. तिथे साखळी तुटू देऊ नये, औषध संपताच परत जावे.

७. रिपोर्ट हातात घ्या

व्हीआयएचा निकाल लगेच मिळतो, बाकीच्यांना वेळ लागतो. रिपोर्ट कधी आणि कोणत्या खिडकीवर मिळेल हे विचारून तारीख एआरटीच्या पुस्तकातच लिहून घ्यावी. "काही असेल तर फोन करू" या शब्दावर विसंबू नये. नंबर बदललेला असतो, फोन घरातल्या दुसऱ्याच्या हातात असतो, आणि मोठ्या रुग्णालयात कागद हरवतातही. रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी त्याची प्रत घ्यावी, पुढच्या वेळी तुलना करायला ती लागते.

पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. सूज असली तरी व्हीआयएमध्ये पांढरा डाग उठू शकतो, आणि एचपीव्ही आढळला म्हणजे फक्त विषाणू आहे एवढेच कळते. पुढची पायरी बहुधा कोल्पोस्कोपी असते. त्यात दुर्बिणीसारख्या साधनाने बाहेरूनच तो भाग मोठा करून पाहतात आणि शंका वाटल्यास तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासणीसाठी काढतात, त्यालाच बायोप्सी म्हणतात. "लोखंड लागले की रोग पसरतो" ही समजूत घराघरांत आहे. ती खरी नाही, बायोप्सीने कर्करोग पसरत नाही आणि तिच्याशिवाय नेमके निदान होत नाही.

बायोप्सीच्या रिपोर्टवर सीआयएन, म्हणजे पेशींतल्या बदलांची पायरी, एक, दोन किंवा तीन असे लिहिलेले असते. सीआयएन एक हे सौम्य बदल आहेत आणि पुष्कळदा केवळ लक्ष ठेवले जाते. दोन आणि तीन यांवर उपचार करतात. यांपैकी एकही कर्करोग नाही. एचपीव्ही पॉझिटिव्ह आणि पुढच्या तपासणीत काही आढळले नाही, असे झाले तर १२ महिन्यांनी पुन्हा चाचणी करावी लागते. ही बारा महिन्यांची तारीख सर्वांत जास्त वेळा हुकते, कारण त्या वेळी काहीच दुखत नसते.

८. उपचार, आणि "पिशवीच काढून टाका" हा सल्ला

बदल लहान आणि पूर्ण दिसण्याजोगे असतील तर थर्मल अब्लेशनमध्ये सुमारे १०० अंश उष्णता देऊन किंवा क्रायोथेरपीत अतिथंड वायूने तो भाग नष्ट करतात. दोन्ही उपचार ओपीडीतच होतात आणि स्त्री त्याच दिवशी घरी जाते. बदल मोठे किंवा आतपर्यंत असतील तर लीप नावाच्या पद्धतीत जागा बधिर करून, विजेच्या तारेच्या बारीक वळ्याने तेवढाच भाग कापून काढतात.

याच टप्प्यावर काही खासगी दवाखान्यांत थेट गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या कमी वयात आणि मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कॅन्सरची भीती घालून ऑपरेशन करवून घेणे हे त्यातले एक गाऱ्हाणे होते. म्हणून असा सल्ला मिळाला तर आधी तीन गोष्टी विचाराव्यात: बायोप्सीचा लेखी रिपोर्ट कुठे आहे, सीआयएन किती आहे आणि अब्लेशन किंवा लीप का चालणार नाही. उत्तर समाधानकारक नसेल तर सर्व कागद घेऊन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दुसरे मत घ्यावे. पिशवी काढल्यावरही, ती सीआयएन दोन-तीनसाठी काढली असेल तर, योनीमार्गाच्या वरच्या टोकाची तपासणी पुढे करत राहावी लागते.

उपचारानंतर काही आठवडे पाणी जाते. त्याची भीती बाळगू नये, पण ताप, खूप रक्त किंवा दुर्गंधी असेल तर लगेच जावे. साधारण चार आठवडे संबंध टाळावेत आणि ते शक्यच नसेल तर निरोध वापरावा, कारण जखम भरेपर्यंत त्या जागेतून एचआयव्ही बाहेर पडण्याचे प्रमाण वाढू शकते. हे घरी कसे सांगायचे हा प्रश्न असेल तर काउन्सेलर नवऱ्याशी बोलू शकतात, मात्र तुमच्या संमतीनेच.

उपचार झाला म्हणजे काम संपले असे नसते. १२ महिन्यांनी पुन्हा चाचणी करायची, ती निगेटिव्ह आली तर त्यानंतर आणखी १२ महिन्यांनी एकदा, आणि दोन्ही निगेटिव्ह आल्यावरच नेहमीच्या अंतरावर परतायचे.

कर्करोगाचेच निदान झाले तर एआरटी बंद करू नये. कॅन्सरच्या डॉक्टरांना आपल्या गोळ्यांची नावे सांगावीत. टीएलडी गोळीत टेनोफोविर असते, आणि या कर्करोगात अनेकदा दिले जाणारे सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषधही मूत्रपिंडांवर ताण आणते, त्यामुळे दोन्ही डॉक्टरांनी मिळून निर्णय घ्यायला हवा. जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, कागदपत्रांचे काम त्यांच्याकडे करावे.

९. आपली स्थिती सांगावी का, आणि नकार मिळाला तर

तपासणाऱ्या डॉक्टरांना सांगावे असे माझे मत आहे, कारण तपासणीचे अंतर आणि पुढचा पाठपुरावा त्यावर ठरतो. पण ते फक्त डॉक्टरांनाच, केसपेपरच्या खिडकीवर किंवा रांगेत नव्हे. एचआयव्ही आणि एड्स कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणे, वेगळी वागणूक देणे आणि तुमच्या लेखी संमतीशिवाय, कायद्यातले मोजके अपवाद सोडून, तुमची स्थिती इतरांना सांगणे याला मनाई आहे. "तुमचा नंबर शेवटी घेऊ" असे सांगून दिवसभर बसवून ठेवणे हीसुद्धा वेगळी वागणूकच आहे. असे घडले तर तारीख, वेळ आणि विभाग लिहून ठेवावा, आधी एआरटी सेंटरच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगावे, आणि तिथे दाद लागली नाही तर या कायद्याखालच्या लोकपालांकडे लेखी तक्रार करता येते. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

१०. लस

एचपीव्हीची लस आधीच झालेली लागण बरी करत नाही, त्यामुळे लस घेतली तरी तपासणी सुटत नाही. तिचा सर्वांत जास्त उपयोग ९ ते १४ वयाच्या मुलींना होतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लस २०२३ पासून मिळते. मुलगी स्वतः एचआयव्हीसह जगत असेल तर तिला किमान दोन आणि शक्यतो तीन डोस लागतात, हे लस देणाऱ्यांना आवर्जून सांगावे, कारण इतर मुलींसाठीचे वेळापत्रक याहून कमी डोसांचे असू शकते.